डिस्क फाइल प्रणालींची तुलना आणि त्यांच्या साठवण मर्यादा

डिस्क फाइल प्रणाली म्हणजे हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड यांसारख्या साठवण माध्यमावर कोणती फाइल कोठे ठेवली आहे, तिचे नाव काय, आकार किती आणि माध्यमावर मोकळी जागा कोठे उरली आहे, याची नोंद ठेवणारी व्यवस्था होय. माध्यम ‘फॉरमॅट’ करताना त्यावर अशी एक प्रणाली मांडली जाते. फॅट ३२, एनटीएफएस, एक्सफॅट आणि ईएक्सटी ४ या आज सर्वाधिक आढळणाऱ्या प्रणाली आहेत.

प्रत्येक प्रणालीला काही मर्यादा असतात. एका फाइलीचा कमाल आकार, संपूर्ण विभागाचा कमाल आकार, फायलींची कमाल संख्या आणि नावाची कमाल लांबी या त्यांपैकी प्रमुख होत. या मर्यादांमुळे डिस्कवर जागा शिल्लक असतानाही फाइल लिहिली न जाणे, अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापली जाणे किंवा लांब मराठी नाव नाकारले जाणे, असे प्रकार घडतात. एकदा निवडलेली प्रणाली बदलण्यासाठी बहुधा माध्यम पुसून पुन्हा फॉरमॅट करावे लागते. त्यामुळे महत्त्वाचा संग्रह साठवण्यापूर्वीच या मर्यादा माहीत असणे आवश्यक ठरते.

मोजमापाची एकके

या लेखात १ केबी म्हणजे १,०२४ बाइट असे धरले आहे. त्याच्या १,०२४ पटीला एमबी म्हटले असून पुढे त्याच क्रमाने जीबी, टीबी, पीबी आणि ईबी ही एकके येतात. डिस्कचे उत्पादक मात्र १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट असे मोजतात. म्हणून १ टीबी म्हणून विकत घेतलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबीची दिसते. यात जागा हरवलेली नसून मोजण्याची रीत वेगळी असते.

जागेचे वाटप

डिस्कवरील सर्वांत लहान भौतिक भागाला सेक्टर म्हणतात. त्याचा आकार परंपरेने ५१२ बाइट असून अनेक नव्या डिस्कांत तो ४ केबी असतो. फाइल प्रणाली काही सेक्टरांचा एक गट करून तो वाटपाचे एकक मानते. विंडोजच्या परिभाषेत या गटाला क्लस्टर, तर लिनक्सच्या परिभाषेत ब्लॉक म्हणतात. फाइलीला जागा नेहमी पूर्ण क्लस्टरांतच मिळते. गावठाणातील प्लॉटवर घर लहान बांधले, तरी उरलेली जागा दुसऱ्याच्या नावावर होत नाही. त्याचप्रमाणे क्लस्टरमधील उरलेली जागा दुसऱ्या फाइलीला देता येत नाही.

कोणत्या फाइलीला कोणते क्लस्टर दिले, हे लिहून ठेवण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

पहिली साखळीची पद्धत होय. फॅट प्रणालीत डिस्कच्या आरंभी एक तक्ता असतो आणि त्यात प्रत्येक क्लस्टरसमोर त्याच फाइलीच्या पुढील क्लस्टरचा क्रमांक लिहिलेला असतो. ही पद्धत सोपी आहे. मात्र मोठ्या फाइलीच्या मध्यभागी पोहोचण्यासाठी साखळीतील कडी एकामागून एक पार करावी लागते. शिवाय तक्ता बिघडला, तर साखळीही तुटते.

दुसरी अनुक्रमणिकेची पद्धत होय. युनिक्स परंपरेतील प्रणालींत प्रत्येक फाइलीसाठी ‘आयनोड’ नावाची एक नोंद असते. ईएक्सटी २ व ईएक्सटी ३ यांच्या आयनोडमध्ये पहिल्या १२ ब्लॉकांचे क्रमांक थेट लिहिलेले असतात. पुढील ब्लॉकांचे क्रमांक ज्या ब्लॉकांत साठवले आहेत, त्यांचे पत्ते त्यानंतर येतात. असे पत्ते एकेरी, दुहेरी व तिहेरी अशा तीन पातळ्यांवर असतात. ब्लॉक ४ केबीचा असेल, तर थेट क्रमांकांनी ४८ केबी, एकेरी पातळीने आणखी ४ एमबी आणि दुहेरी पातळीने आणखी ४ जीबी एवढा मजकूर गाठता येतो.

तिसरी सलग पट्ट्यांची पद्धत होय. एनटीएफएस, एक्सएफएस, ईएक्सटी ४ आणि बीटीआरएफएस या प्रणाली प्रत्येक ब्लॉक स्वतंत्रपणे न नोंदवता ‘अमुक क्रमांकापासून इतके ब्लॉक’ अशी नोंद करतात. ईएक्सटी ४ मध्ये ४ केबीचे ब्लॉक असताना अशी एक पट्टी १२८ एमबीपर्यंत असू शकते. त्यामुळे मोठ्या फाइलीसाठी फार थोड्या नोंदी पुरतात.

मर्यादा कोठून येतात

फाइल प्रणालीच्या बहुतेक मर्यादा डिस्कच्या क्षमतेतून येत नाहीत. क्रमांक लिहिण्यासाठी रचनाकारांनी किती जागा राखून ठेवली, यावर त्या ठरतात. दोनच रकाने असलेल्या नोंदवहीत ९९ च्या पुढचा अंक लिहिता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. क्लस्टरच्या क्रमांकासाठी १६ बिट राखले, तर ६५,५३६ वेगवेगळे क्रमांक मिळतात आणि त्यांतीलही काही विशेष कामासाठी राखीव असतात. क्लस्टरांची संख्या अशी ठरून गेल्यावर मोठी डिस्क वापरण्यासाठी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे प्रत्येक क्लस्टर मोठा करणे. कमाल आकार आणि जागेची काटकसर यांतील ओढाताण येथूनच सुरू होते.

एकाच प्रणालीत असे अनेक अंक असतात आणि त्यांतील ज्याची मर्यादा आधी गाठली जाते, तोच निर्णायक ठरतो. फॅट ३२ हे याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्यात क्लस्टर क्रमांकासाठी प्रत्यक्षात २८ बिट वापरले जातात. ३२ केबीचे क्लस्टर धरल्यास त्यातून ८ टीबीचा विभाग मिळायला हवा. पण विभागातील एकूण सेक्टरांची संख्या ३२ बिटांत लिहिली जाते, म्हणून ५१२ बाइटच्या सेक्टरांसह हा विभाग २ टीबीवर थांबतो. फाइलीचा आकारही ३२ बिटांतच लिहिला जात असल्याने एकही फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा, म्हणजे ४ जीबी उणे १ बाइट यापेक्षा, मोठी असू शकत नाही. ग्रामसभेचे किंवा कीर्तनाचे दीर्घ चित्रण फॅट ३२ च्या कार्डावर करताना अनेक कॅमेरे ते तुकड्यांत विभागतात. त्यामागे हेच कारण असते.

प्रमुख प्रणाली

फॅट कुळाचा आरंभ मायक्रोसॉफ्टमध्ये १९७७ च्या सुमारास झाला. फ्लॉपीसाठी फॅट १२, १९८४ मध्ये हार्ड डिस्कसाठी फॅट १६ आणि १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीसोबत फॅट ३२ अशी तिची वाटचाल झाली. जवळजवळ प्रत्येक संगणक, कॅमेरा व दूरचित्रवाणी संच फॅट ३२ वाचू शकतो, हे तिचे बलस्थान होय. विंडोजमधील फॉरमॅटची नेहमीची खिडकी दीर्घकाळ ३२ जीबीपेक्षा मोठा फॅट ३२ विभाग तयार करू देत नसे. तो निर्बंध त्या साधनाचा होता, प्रणालीचा नव्हता.

एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ सोबत आली. तिच्यात प्रत्येक फाइलीची नोंद एका मुख्य तक्त्यात होते. अगदी लहान फाइलीचा मजकूर या नोंदीतच मावतो आणि मग वेगळा क्लस्टर लागत नाही. ४ केबीच्या क्लस्टरसह विभाग १६ टीबीपर्यंत, तर ६४ केबीच्या क्लस्टरसह २५६ टीबीपर्यंत असू शकतो. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत २ एमबीपर्यंतचे क्लस्टर वापरता येतात.

एक्सफॅट २००६ मध्ये प्रामुख्याने पेन ड्राइव्ह व मेमरी कार्ड यांच्यासाठी आली. फाइलीचा आकार ६४ बिटांत लिहिला जात असल्याने तिच्यात ४ जीबीची अडचण नाही. एसडीएक्ससी प्रकारच्या कार्डांसाठी तीच प्रमाण प्रणाली आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिचे तपशील खुले केले आणि त्यानंतर लिनक्समध्ये तिचा सहज समावेश झाला.

ईएक्सटी कुळ लिनक्सचे आहे. ईएक्सटी २ ही १९९३ मध्ये, ईएक्सटी ३ ही २००१ मध्ये आणि ईएक्सटी ४ ही २००८ मध्ये स्थिर स्वरूपात आली. मोठ्या सर्व्हरांवर सिलिकॉन ग्राफिक्सने घडवलेली एक्सएफएस, तसेच बीटीआरएफएस आणि सन मायक्रोसिस्टिम्सची झेडएफएस यांचा वापर होतो. ॲपलच्या संगणकांवर १९९८ पासून एचएफएस प्लस होती. २०१७ पासून तिची जागा एपीएफएसने घेतली.

तुलनात्मक तक्ता

| प्रणाली | वर्ष | सर्वांत मोठी फाइल | सर्वांत मोठा विभाग | नावाची मर्यादा |
|---|---|---|---|---|
| फॅट १६ | १९८४ | २ जीबी | २ जीबी (३२ केबी क्लस्टर) | मूळ रचनेत ८ + ३ अक्षरे |
| फॅट ३२ | १९९६ | ४ जीबी उणे १ बाइट | २ टीबी | २५५ युटीएफ-१६ एकके |
| एनटीएफएस | १९९३ | विभागाएवढी | १६ टीबी (४ केबी क्लस्टर) | २५५ युटीएफ-१६ एकके |
| एक्सफॅट | २००६ | विभागाएवढी | १२८ पीबी (सैद्धान्तिक) | २५५ युटीएफ-१६ एकके |
| ईएक्सटी ३ | २००१ | २ टीबी | १६ टीबी | २५५ बाइट |
| ईएक्सटी ४ | २००८ | १६ टीबी | १ ईबी | २५५ बाइट |
| एक्सएफएस | १९९४ | ८ ईबी | ८ ईबी | २५५ बाइट |
| बीटीआरएफएस | २००९ | १६ ईबी (सैद्धान्तिक) | १६ ईबी (सैद्धान्तिक) | २५५ बाइट |

ईएक्सटी ३ व ईएक्सटी ४ यांचे आकडे ४ केबीचे ब्लॉक धरून दिले आहेत.

क्लस्टरचा आकार आणि वाया जाणारी जागा

फाइलीचा शेवटचा क्लस्टर क्वचितच पूर्ण भरतो. फायली क्लस्टरपेक्षा बऱ्याच मोठ्या असतील, तर सरासरीने प्रत्येक फाइलीमागे अर्धा क्लस्टर रिकामा राहतो. फायली क्लस्टरपेक्षा लहान असतील, तर नासाडी याहून पुष्कळ वाढते.

एक कल्पित उदाहरण घेता येईल. पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील कासुर्डी या गावातील जुन्या कागदपत्रांची १०,००० पाने संगणकावर टंकलिखित करून प्रत्येक पानाची स्वतंत्र फाइल केली, असे समजू. युटीएफ-८ या संकेतनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. त्यामुळे सुमारे एक हजार चिन्हांचे पान ३ केबी होते. प्रत्यक्ष मजकूर सुमारे २९ एमबी भरेल. तो ठेवण्यासाठी लागणारी जागा मात्र क्लस्टरच्या आकारानुसार पुढीलप्रमाणे बदलते.

| क्लस्टर | एका पानाला लागणारी जागा | १०,००० पानांना लागणारी जागा |
|---|---|---|
| ४ केबी | ४ केबी | सुमारे ३९ एमबी |
| ३२ केबी | ३२ केबी | सुमारे ३१३ एमबी |
| १२८ केबी | १२८ केबी | १,२५० एमबी |

३२ जीबीपेक्षा मोठे माध्यम विंडोजमध्ये एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यास क्लस्टर साधारणतः १२८ केबीचा ठरतो. म्हणजे २९ एमबीचा हा मजकूर अशा माध्यमावर सव्वा जीबीच्या आसपास जागा व्यापेल. याच माध्यमावर काही जीबींची एकच चित्रफीत ठेवली, तर नासाडी नगण्य असते आणि मोठ्या क्लस्टरमुळे नोंदीही कमी लागतात. एक्सफॅट मोठ्या फायलींसाठी घडवलेली असल्याने लहान फायलींच्या ढिगासाठी ती गैरसोयीची ठरते. अनेक लहान फायली एका झिप फाइलीत बांधून ठेवणे, हा यावरचा सोपा उपाय आहे.

फायलींच्या संख्येची मर्यादा

जागा शिल्लक असूनही ‘डिस्क भरली’ असा संदेश येण्याचे एक कारण नोंदी संपणे हे असते. फॅट १२ ने फॉरमॅट केलेल्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर मुख्य फोल्डरात २२४ नोंदींपुरतीच जागा असे. तेवढ्या नोंदी झाल्या, की त्या फोल्डरात नवी फाइल ठेवता येत नसे, मग फ्लॉपी जवळजवळ रिकामी का असेना.

ईएक्सटी ४ मध्ये हीच अडचण वेगळ्या रूपात येते. तिच्यात आयनोडांची एकूण संख्या फॉरमॅट करतानाच ठरते आणि नेहमीच्या मांडणीत दर १६ केबी जागेमागे एक आयनोड राखला जातो. १०० जीबीच्या विभागात त्यानुसार ६५,५३,६०० आयनोड होतात. वरील उदाहरणातील ३ केबीच्या फायलींनी तो विभाग भरत गेला, तर सुमारे २५ जीबी वापरल्यावरच आयनोड संपतात आणि उरलेली बहुतांश जागा मोकळी असूनही नवी फाइल तयार होत नाही. लिनक्सवर ‘डीएफ’ या आज्ञेला ‘आय’ हा पर्याय जोडल्यास शिल्लक आयनोड पाहता येतात. एक्सएफएस व बीटीआरएफएस गरजेप्रमाणे आयनोड निर्माण करतात, म्हणून तेथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

देवनागरी नावे

नावाची मर्यादा कागदावर सर्वत्र ‘२५५’ अशीच दिसते, परंतु २५५ काय, हा कळीचा मुद्दा आहे. एनटीएफएस, एक्सफॅट आणि फॅट ३२ ची लांब नावे युटीएफ-१६ एककांत मोजली जातात. तेथे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एक एकक असते. ईएक्सटी ४, एक्सएफएस व बीटीआरएफएस येथे मोजणी बाइटांत होते. लिनक्सवर नावे बहुधा युटीएफ-८ मध्ये असल्याने २५५ रोमन अक्षरे मावतात, पण देवनागरीची केवळ ८५ चिन्हे मावतात.

येथे चिन्ह आणि अक्षर यांतील भेदही लक्षात घ्यावा लागतो. ‘कासुर्डी’ हे नाव वाचताना का, सु, र्डी अशी तीन अक्षरे होतात. संगणक मात्र क, काना, स, उकार, र, हलन्त, ड, वेलांटी अशी ८ चिन्हे साठवतो. युटीएफ-८ मध्ये त्यांचे २४ बाइट होतात. ‘दौंड तालुका कासुर्डी ग्रामपंचायत ग्रामसभा इतिवृत्त’ या नावात ४५ देवनागरी चिन्हे व ५ मोकळ्या जागा आहेत. एनटीएफएसच्या हिशेबाने ती २५५ पैकी ५० एकके, तर ईएक्सटी ४ च्या हिशेबाने २५५ पैकी १४० बाइट होतात. त्यामुळे विंडोजवर विनासायास चाललेले एखादे लांबलचक मराठी नाव लिनक्सच्या सर्व्हरवर प्रत घेताना नाकारले जाऊ शकते.

फॅट ३२ मध्ये लांब नावाचा भार फोल्डरावर पडतो. एका फोल्डरात ३२ बाइटांच्या ६५,५३६ नोंदी मावतात. ८ + ३ साच्यातील रोमन नावाला एक नोंद पुरते. देवनागरी नावाला मात्र आखूड पर्यायी नावाची एक आणि शिवाय दर १३ एककांमागे एक अशा नोंदी लागतात. वरील ५० एककांच्या नावाला ५ नोंदी लागतात. अशा नावांच्या जेमतेम १३,१०० फायलींनी फोल्डर भरून जातो.

‘दऱ्या’, ‘खोऱ्यातील’ यांसारख्या शब्दांतील मराठीच्या खास ‘ऱ्य’ या जोडाक्षरामुळे आणखी एक पेच निर्माण होतो. ‘ऱ’ हे युनिकोडमधील एक स्वतंत्र चिन्ह आहे, पण ‘र’ आणि नुक्ता या दोन चिन्हांनीही ते दर्शवता येते. एचएफएस प्लस सर्व नावे विघटित रूपात साठवत असे. त्यामुळे विंडोजवरील ‘दऱ्या’ हे १५ बाइटांचे नाव तेथे १८ बाइटांचे होई. ईएक्सटी ४ सहसा केवळ बाइटांची तुलना करते. परिणामी डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे तिच्या लेखी भिन्न ठरतात, एकाच फोल्डरात दोन्ही नांदू शकतात आणि एका रूपात शोधलेली फाइल दुसऱ्या रूपात सापडत नाही. एपीएफएस नाव दिलेल्या रूपातच जपते आणि तुलना करताना दोन्ही रूपे समान मानते.

वीज खंडित झाल्यास

फाइल लिहिली जात असताना वीज गेली किंवा पेन ड्राइव्ह अकस्मात काढला, तर नोंदी अर्धवट राहतात. एनटीएफएस, ईएक्सटी ३, ईएक्सटी ४ व एक्सएफएस या प्रणाली प्रत्येक बदल करण्यापूर्वी त्याचे टिपण एका रोजनामचात करून ठेवतात. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर त्यावरून नोंदी सुसंगत केल्या जातात. फॅट ३२ व एक्सफॅट यांना असा रोजनामचा नसतो. ज्या भागांत वीजपुरवठा वारंवार खंडित होतो, तेथे हा फरक कमाल आकाराच्या आकड्यांहून अधिक महत्त्वाचा ठरतो. रोजनामचा प्रामुख्याने नोंदींचे रक्षण करतो. न लिहिला गेलेला मजकूर त्यातून परत मिळेलच असे नाही, म्हणून दुसरी प्रत ठेवणे सर्वच प्रणालींत आवश्यक असते.

महाराष्ट्रातील मोठ्या साठवण यंत्रणा

एका संगणकाच्या मर्यादा जेथे अपुऱ्या पडतात, तेथे समांतर फाइल प्रणाली वापरतात. पुणे हे अशा कामाचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात परम ८००० हा महासंगणक सादर केला. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये प्रत्युष हा महासंगणक कार्यान्वित झाला. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांकडून येणाऱ्या निरीक्षणांच्या फायली अनेक जीबींच्या असू शकतात. फॅट ३२ च्या माध्यमावर अशी एकही फाइल अखंड ठेवता येणार नाही.

महासंगणकांत लस्टर या समांतर प्रणालीचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. तिच्यात एका फाइलीचे पट्टे पाडून ते अनेक सर्व्हरांवर ठेवले जातात आणि नावांची नोंद वेगळा सर्व्हर ठेवतो. मात्र असंख्य लहान फायलींचा भार तेथेही नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरवरच पडतो. घरच्या पेन ड्राइव्हची अडचण अशा रीतीने महासंगणकातही निराळ्या रूपात टिकून राहते.

प्रणालीची निवड

निवड करताना माध्यमाची क्षमता, फायलींचा आकार, त्यांची संख्या आणि ते माध्यम कोणत्या यंत्रांवर वापरायचे आहे, या चार गोष्टी पाहाव्यात. जुन्या उपकरणांत लावायच्या लहान पेन ड्राइव्हसाठी फॅट ३२ योग्य असते. ४ जीबीपेक्षा मोठ्या चित्रफिती वेगवेगळ्या संगणकांत नेण्यासाठी एक्सफॅट सोयीची आहे. केवळ विंडोजवर चालणाऱ्या कायमस्वरूपी संग्रहासाठी एनटीएफएस, तर लिनक्ससाठी ईएक्सटी ४ वापरली जाते. लहान फायलींचा मोठा संग्रह ठेवायचा असेल, तर लिनक्सवर एक्सएफएस घ्यावी किंवा ईएक्सटी ४ फॉरमॅट करतानाच आयनोडांची संख्या वाढवावी.

मराठी नावांचा संग्रह एका प्रणालीवरून दुसरीवर न्यायचा असल्यास नावे ८० देवनागरी चिन्हांच्या आत ठेवणे श्रेयस्कर असते. सविस्तर वर्णन नावात कोंबण्याऐवजी फोल्डरातील स्वतंत्र सूचीत लिहावे. प्रत घेऊन झाल्यावर केवळ एकूण आकार न पाहता फायलींची संख्या जुळते की नाही, हेही तपासावे. नाव न पेलल्यामुळे वगळली गेलेली फाइल आकाराच्या बेरजेत सहज लपते, संख्येत मात्र लपत नाही.